ट्रंकेतले तीन कागद

प्रश्न : माझे सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, पायदळातून २००३ साली नाईक म्हणून सुटले. सतरा वर्षं नोकरी झाली. सुटताना मेडिकल बोर्डानं रक्तदाबाचं तीस टक्के अपंगत्व कायमचं म्हणून लिहिलं, पण ते नोकरीमुळे आलेलं नाही असा शेरा मारला. साधी पेन्शन चालू आहे, अपंगत्वाची नाकारली. २००६ साली अपील पाठवलं, ते मुदत गेली म्हणून परत आलं. २०१२ मध्ये तालुक्याच्या कोर्टात दावा लावला, कोर्ट म्हणालं हा आमचा विषय नाही. जुलै २०१८ मध्ये एका वकिलामार्फत मुंबईच्या सैन्यदल ट्रिब्युनलमध्ये अर्ज केला. वकील तारखांना गेलेच नाहीत आणि २६ फेब्रुवारी २०२० ला तो अर्जही फेटाळला. गेल्या वर्षी मामांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. दिवाळीच्या साफसफाईत ट्रंकेत हे तिन्ही कागद सापडले. मामा म्हणतात, ‘तीनदा कोर्टानं नाही म्हटलंय, आता हात लावू नकोस.’ मी रेकॉर्ड ऑफिसला नव्यानं एक अर्ज पाठवू का?
– एक सून, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : ताई, कागदांचे फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. तिन्ही कागद भिंग लावून वाचले. आता एक काम करा. मामांच्या शेजारी बसा आणि त्या तीन कागदांत ‘रक्तदाब’ हा शब्द शोधा. इंग्रजी कागदांत हायपरटेन्शन असं शोधा. पहिल्यात नाही. दुसऱ्यात दाव्याचं स्वरूप सांगताना एकदा येतो, पुढं त्याचं काहीच नाही. तिसरा कागद तर चार ओळींचा. अर्जदारातर्फे कोणी हजर नाही, मागच्या दोन तारखांनाही नव्हतं, सबब अर्ज काढून टाकला.

म्हणजे मामांचा रक्तदाब नोकरीमुळे वाढला की नाही, या प्रश्नाला, मेडिकल बोर्डाचा तो शेरा सोडला तर, आजवर एकाही माणसानं खुर्चीवर बसून उत्तर दिलेलं नाही. पुसेगावच्या यात्रेत बैल गाडीतून उतरवलाच नाही आणि घरी येऊन सांगायचं, गिऱ्हाईक मिळालं नाही, तशातली ही गत. एक अर्ज उशिरा गेला, एक चुकीच्या दारात गेला, एकावर हाक मारली तेव्हा कोणी उभं राहिलं नाही. या तिन्हींना आपल्या बोलीत एकच शब्द आहे, ‘फेटाळलं’. त्या एका शब्दानं जिल्ह्यातल्या किती माजी सैनिकांनी कागद ट्रंकेत टाकून कुलूप लावलं असेल, ते मी रोज बघतो.

पहिल्या कागदाबद्दल मला थोडं अपराधी वाटतं, ते सांगून टाकतो. मी पलटणीत क्लार्क होतो. नोकरीच्या एका टप्प्यावर अपंगत्वाची पेन्शन नाकारल्याची मूळ पत्रं, ज्यांच्यावर पुढं अपील करायचं असतं, ती मीच टाइप करायचो. मजकूर ठरलेला. वर नाव आणि नंबर, मधे ‘सेवेशी संबंधित नाही, सेवेमुळे वाढलेलं नाही’, आणि अगदी तळाला, समाधान नसल्यास सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. सगळं इंग्रजीत. जवान तोपर्यंत गावी पोचलेला, पत्र पोस्टमन आणून देणार, वाचून दाखवणार कोण, तर शाळेतला मास्तर किंवा पोरगा. त्यांनी ‘रिजेक्टेड’ एवढंच वाचलं की शेवटच्या ओळीपर्यंत कोण जातंय? ती ओळ मराठीत खाली हातानं लिहावी असं मला तेव्हा एकदाही सुचलं नाही. मामांचं अपील २००६ ला गेलं यात आळस मामांचा कमी आणि त्या तळाच्या ओळीचा जास्त.

दुसऱ्या कागदाला मी फार किंमत देत नाही. सैन्यदल ट्रिब्युनलचा कायदा २००७ चा, ट्रिब्युनल सुरू झालं २००९ मध्ये, आणि त्या कायद्यानं नोकरी-पेन्शनचे असे वाद दिवाणी कोर्टाकडून काढून घेतले. २०१२ साली तालुक्याच्या कोर्टात दावा लावणाऱ्याला हे माहीत असायला हवं होतं. पण त्या निकालाच्या शेवटी ‘योग्य त्या ठिकाणी दाद मागण्यास मुभा’ असं लिहिलंय, ते बघा. हे वाक्य आपल्या कामाचं आहे. मामा गप्प बसले नव्हते, दार ठोठावत होते, फक्त दार चुकीचं होतं, याचा तो सहीशिक्क्याचा पुरावा. त्याची सत्यप्रत काढा आणि इंग्रजी भाषांतर करून घ्या. भाषांतर नसलं की ट्रिब्युनलच्या ऑफिसचं ऑब्जेक्शन निघतं, आणि ऑब्जेक्शन वेळेत दूर केलं नाही तर अर्ज नोंदलाही जात नाही. हासुद्धा फेटाळण्याचाच एक प्रकार, फक्त त्याचा गाजावाजा होत नाही.

खरं काम तिसऱ्या कागदावर आहे.

तुम्हाला कोणी ना कोणी सल्ला देईल की जुनं सोडा, नवीन अर्ज ठोका. ऐकायला सरळ वाटतं, आणि त्याला आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा तरसेम सिंग निकाल माजी सैनिकांच्या घरात पाठ असायला हवा. हा माणूस १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सैन्यातून बाहेर पडला आणि हायकोर्टात गेला थेट १९९९ मध्ये. सोळा वर्षांचा उशीर. न्यायालय म्हणालं, पेन्शन नाकारणं ही एकदाच घडून संपणारी गोष्ट नाही, दर महिन्याला ती नव्यानं नाकारली जाते, म्हणून निव्वळ उशिरापायी हक्क बुडत नाही. पण थकबाकी मागच्या सगळ्या वर्षांची मिळायची नाही. केस दाखल केली त्याच्या आधीची तीन वर्षं, तेवढीच.

आता हा हिशेब मामांना लावा. मामांची केस जुलै २०१८ मध्ये दाखल झाली होती. ती पुन्हा सुनावणीला आली, तर तीन वर्षं तिथून मागं मोजायची, म्हणजे जुलै २०१५ पासून. नवा अर्ज केला तर तीन वर्षं आजपासून मागं. मधली सात-आठ वर्षं तुम्ही आपल्या हातानं सोडून दिलीत. रुपयांत सांगतो. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या तीस टक्के रक्कम मिळते, कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. हिशेबाच्या सोयीसाठी पगार २०,००० धरू. शंभर टक्क्यांना ६,००० होतात, तीस टक्क्यांना १,८००. पण तीस टक्के तीसच राहत नाहीत. पन्नासच्या आतलं अपंगत्व पन्नास धरायचं असा नियम आहे, आणि तो फायदा नोकरीची मुदत पुरी करून सुटलेल्यांनाही द्यायचा असं सर्वोच्च न्यायालयानं राम अवतार प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं. म्हणजे महिन्याला ३,०००, वर महागाई सवलत वेगळी. सात वर्षांचे नुसते मूळचे २,५२,००० झाले. खटाव-माणच्या कोरड्या रानात एवढ्यात विहिरीचं काम निघतं.

म्हणून आधी जुना अर्ज पुन्हा दाखल करून घेण्याची मागणी करायची आणि सोबत विलंब माफीचा अर्ज जोडायचा. तो नाहीच मान्य झाला, तर तरसेम सिंगच्या आधारानं नवा अर्ज आहेच. पण त्यात जुन्या अर्जाची सगळी हकीकत लिहायची. अर्जाच्या छापील नमुन्यातच विचारलेलं असतं, याआधी कुठं दाद मागितली होती का? तिथं ‘नाही’ लिहून मोकळे होणारे लोक मी पाहिलेत. समोरचा सरकारी वकील जुना नंबर काढून पुढं ठेवतो आणि चांगली केस लबाडीच्या डागानं मरते.

विलंब माफीचं प्रतिज्ञापत्र कसं असावं, यावर थोडा वेळ घालवतो, कारण बहुतेक केसेस इथंच आपटतात. साच्यातलं प्रतिज्ञापत्र कुठल्याही टायपिस्टकडं तयार असतं, ‘अर्जदार हा खेडेगावातील अशिक्षित इसम असून त्यास कायद्याचे ज्ञान नाही’. मामा सतरा वर्षं फौजेत राहून नाईक झाले, अशिक्षित काय म्हणता त्यांना? खोटं तर आहेच, शिवाय असल्या वाक्यानं कोणाचं मन वळत नाही. तारखा द्या, नुसत्या तारखा.

२६ फेब्रुवारी २०२० ला अर्ज फेटाळला. त्यानंतर अडीच आठवड्यांत कोरोना आला. सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२२ च्या आदेशानं १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सगळा काळ मुदतीच्या हिशेबातून वगळला आहे. ही जवळपास दोन वर्षं अशीच वजा झाली, त्याबद्दल कोणापुढं हात जोडायचं कारण नाही. पुढचं मात्र सांगावं लागेल. फेटाळल्याचं मामांना कळलं कधी? ट्रंकेत तो कागद ज्या लखोट्यातून आला तो लखोटा आहे का, बघा. आपल्याकडं कागद जपतात आणि लखोटा चुलीत घालतात. त्यावरचा पोस्टाचा शिक्का म्हणजे कळल्याची तारीख. वकिलानं स्वतः कधी कळवलं का? फोनवर, व्हॉट्सअपवर, काहीही. मामा मधे त्याच्याकडं खेटे घालत होते का? एसटीचं तिकीट कोणी ठेवत नाही, पण बरोबर गेलेला माणूस असतो, त्याचंही प्रतिज्ञापत्र चालतं. झटका कधी आला, कोणत्या दवाखान्यात किती दिवस, डिस्चार्ज कार्ड. आणि शेवटी, तुम्हाला ट्रंकेत कागद सापडले ती दिवाळी. हे जसं घडलं तसं, तुमच्याच शब्दांत.

मधे एखादं वर्ष असं निघेल की ज्याचं कारण काही नाही. मामा निराश होऊन बसले होते, एवढंच. तेही तसंच लिहा. १९८७ च्या कातिजी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की रोजच्या रोजचा उशीर समजावून सांगा, याचा अर्थ ताठर घ्यायचा नाही, आणि उशिरा येऊन पक्षकाराचा फायदा काहीच होत नसतो. वकील गैरहजर राहिल्याचं म्हणाल, तर १९८१ चा रफिक विरुद्ध मुन्शीलाल हा निकाल. खेड्यातल्या माणसानं वकील लावला, फी दिली, आता त्यानं कोर्टाच्या दारात पहारा द्यायचा का, असाच त्याचा रोख. वकिलाच्या चुकीची सजा पक्षकाराला देऊ नये, हे तिथं स्पष्ट आहे. जुन्या वकिलावर तक्रार करायची की नाही हे नंतर बघा. आधी त्याच्याकडून फाइल आणि नवा वकील लावायला हरकत नसल्याची सही घ्या. तक्रारीची धमकी दिलीत की फाइल ‘सापडत नाही’.

ट्रिब्युनल कदाचित म्हणेल, केस पुन्हा घेतो, पण तुमच्या उशिराच्या काळाची थकबाकी देणार नाही. असं झालं तर भांडू नका, मान्य करा. आपण होऊन मात्र पहिल्याच पानावर ते देऊ करू नका. बाजारात आपला शेवटचा भाव आधी सांगत नसतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, रेकॉर्ड ऑफिसला नवीन अर्ज. पेन्शनच्या मागणीचा अर्ज नको. अर्ज केला, उत्तर आलं, म्हणजे मुदत नव्यानं सुरू झाली, हा समज चुकीचा असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच सी. जेकब प्रकरणात सांगितलंय. जुनी मागणी नव्या पत्रानं ताजी होत नाही. उलट उत्तराची वाट बघण्यात वर्ष जातं. पण वेगळा एक अर्ज जरूर करा, माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. मामांच्या सहीनं मागा रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे सुटतानाच्या तपासणीच्या कागदाची पूर्ण नक्कल, भरती होतानाचा वैद्यकीय तपासणीचा कागद आणि पोस्टिंगचा तपशील.

बोर्डाचा कागद हातात आला की त्यात दोन जागा बघायच्या. फॉर्मचं नाव एएफएमएसएफ-१६. त्यात एक प्रश्न असतो, हे अपंगत्व भरतीच्या आधीपासून होतं का? मामांच्या फॉर्मवर तिथं ‘नाही’ असणार, नाहीतर भरतीच झाली नसती. दुसरी जागा म्हणजे नोकरीमुळे आलं का, नोकरीमुळे वाढलं का, आणि पुढं कारणाचा रकाना. तुम्ही पाठवलेल्या नकाराच्या पत्रावरून वाटतं की तिथं ‘पीस एरियात सुरुवात’ एवढंच असावं. म्हणजे आजार उघडा पडला तेव्हा पलटण शांत ठिकाणी होती. जणू रक्तदाब मशिनवर दिसला त्याच दिवशी जन्माला आला! मामांना विचारा, त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं ते कुठं होते. बर्फात? काश्मीरला? ईशान्येला? झटक्यानंतर बोलायला त्रास होत असेल तर त्यांच्या पलटणीतल्या जोडीदाराला फोन लावून द्या. फौजेतली माणसं बायकोचा वाढदिवस विसरतील, पोस्टिंग विसरत नाहीत.

इथं धरमवीर सिंग प्रकरणाचा जुलै २०१३ चा निकाल तुमच्या बाजूनं उभा राहतो. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नाही, म्हणजे माणूस ठणठणीत घेतला असं धरायचं. पुढं बिघडलं तर ते नोकरीमुळे असं मानायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची. बोर्डानं कारणं द्यायला हवीत, नुसता शेरा चालत नाही. एखादा वकील किंवा साहेब तुम्हाला सांगेल की आता २०२३ चे नवे नियम कडक आहेत. आहेत, पण ते त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर सुटलेल्यांसाठी. मामा २००३ चे. त्यांना १९८२ चे नियम. यावर कोणी कितीही जोरात बोललं तरी हलू नका.

आणखी एक गोष्ट, जरा कडू आहे. मामांना झटका येऊन गेलाय. केस चालू असताना काही कमीजास्त झालं तर आत्या, म्हणजे तुमच्या सासूबाई, वारस म्हणून ती पुढं नेऊ शकतात, केस तिथं संपत नाही. अमेरिकेत हेंडरसन नावाचा कोरिया युद्धातला सैनिक होता, मनाच्या आजारानं शंभर टक्के अपंग. त्याच्याकडं अपिलाला १२० दिवस होते, त्याला पंधरा दिवस जास्त लागले, आणि तेवढ्यावरून अपील बाहेर. वर अपील चालू असतानाच तो वारला. बायको डोरेथा पुढं उभी राहिली आणि मार्च २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की ही मुदत म्हणजे उशीर झाला की केस ऐकायचा अधिकारच संपला, असं नाही. तिकडचा कायदा इकडं लागत नाही, मी तो आत्यांसाठी सांगितला. पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावर, आत्यांचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का, तेही आजच बघून घ्या. साध्या स्पेलिंगपायी बायकांना पुढं फार हेलपाटे पडतात.

मुंबईतही नाहीच झालं तर हायकोर्टाचं दार आता बंद नाही. २०१५ च्या एका निकालानं ते जवळपास बंद झालं होतं, २०२३ मध्ये परशोतम दास प्रकरणात पुन्हा उघडलं. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सातारा-सांगलीसकट सहा जिल्ह्यांसाठी हायकोर्टाचं सर्किट बेंचही सुरू झालं. पण ते पुढचं पुढं. अजून ट्रिब्युनलनंच मामांचं ऐकलेलं नाही.

वकिलाबद्दल एवढंच. थकबाकीतले तीस टक्के द्या, आत्ता काही नको, असं म्हणणारा भेटेल. निकालावर फी ठरवणं आणि मिळालेल्या पैशात वाटा घेणं वकिलांच्या नियमांत बसत नाही. असल्या माणसाला लांबूनच रामराम. साताऱ्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं विचारा. माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांना कायद्याची मदत मिळावी म्हणून नालसानं, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं, २०२५ मध्ये वीर परिवार सहाय्यता योजना सुरू केली आहे. कोणताही वकील लागला तरी केस नंबर तुमच्या मोबाइलमध्ये ठेवा आणि तारखेच्या आदल्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी स्वतः बघा. ट्रिब्युनलात मामांना दगा झाला तो याच एका सवयीच्या अभावानं.

मामा ‘हात लावू नकोस’ म्हणतात त्याचं वाईट वाटून घेऊ नका. अपशिंगे मिलिटरी या आपल्या जिल्ह्यातल्या गावानं पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या आपल्या ४६ जणांची आठवण शंभर वर्षं जपली. आपला जिल्हा असला मान राखतो. पण जिवंत माणूस स्वतःच्या हक्काचं मागायला लागला की त्यालाच ओशाळल्यासारखं होतं. तो तिसरा कागद त्यांना वाचून दाखवा, चार ओळीच आहेत, आणि विचारा, मामा, यात तुमच्याबद्दल काय लिहिलंय?

प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही लागेल. झटक्यामुळे हात चालत नसेल तर अंगठा चालतो, पण मग नोटरीसमोर मजकूर मराठीत वाचून दाखवला असं त्यावर लिहून घ्या. फौजेतून सुटतानाचं डिस्चार्ज बुक मूळ न्या, झेरॉक्स नको. आणि तो लखोटा शोधा.